तांबड्या दगडावरची रेघ

सकाळी नऊच्या आत यायचं, हे फर्गसनं शिकवलं.
ऊन तिरपं असतं तेव्हाच दगड बोलतो,
दुपारी मुका.
ऊन नसलं तर आरसा.
मी न्हाणीघरातला काढून आणलाय.
त्याच्या कोपऱ्यात दाढीच्या साबणाचा वाळका ठिपका आहे,
तो मी पुसत नाही.

तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही,
खडू तर मुळीच नाही, फर्गस ओरडतो.
साधं पाणी, मऊ कुंचला, गुडघ्याखाली गोणपाट.
निघेल तेवढंच शेवाळ काढायचं;
कधी कधी शेवाळानंच अक्षर धरून ठेवलेलं असतं.

काळ्या दगडावरची रेघ, म्हणतात.
इथला दगड तांबडा, वाळूचा, समुद्राचा खारा वारा खाल्लेला.
बोट लावलं की पापुद्रा सुटतो
आणि कुणाचं तरी साल हातात येतं,
जन्माचं की मरणाचं, कळत नाही.

पोर्टगार्व्हीच्या चर्चमागे, दक्षिणेच्या भिंतीकडून सातवी ओळ.
वर वाळूचं घड्याळ, आडवं पडलेलं.
शेजारी कवटी; कोरणाऱ्यानं तिला दात जरा जास्तच दिलेत.
मग:

विल्हेल्मिना गॉल्ड हिने उभारला,
पती अलेक्झांडर स्लेटर, मच्छीमार,
बुडाला मार्च १८५३, देह सापडला नाही,
आणि त्यांची मुलगी एल्स्पेथ, वय दोन वर्षे,
आणि एल्स्पेथ, सात महिने,
आणि एल्स्पेथ, अकरा दिवस.

आमच्याकडे बाईचं माहेरचं नाव
दगडावर तरी पुसत नाहीत. म्हणून तर सापडली.
नाहीतर या किनाऱ्यावर स्लेटर इतके
की टपालखात्यात एकतीस वर्षं मी टोपणनावांवर पत्रं वाटली:
स्लेटर बोकड, स्लेटर लांब्या, स्लेटर राजा.
अलेक्झांडरचं टोपणनाव इथं नाही.
अक्षरामागे पैसे पडायचे.

एल्स्पेथ, एल्स्पेथ, एल्स्पेथ.
मी माझंच नाव तीनदा मोठ्यानं वाचते.
फर्गस वहीत उतरवतो, वर बघत नाही, बरं करतो.
चौथी जगली.
तिच्यापासून ते नाव उतरत उतरत माझ्यापर्यंत आलं,
मोठ्या बहिणीच्या कोटासारखं, खांद्यात जरा सैल.

त्याखाली दगड कोरा आहे.
वीतभर, नीट घासलेला.
आरसा कलता केला की आखलेल्या रेघाही दिसतात,
चार ओळींच्या. स्वतःसाठी ठेवल्या असणार.
भरल्या कुणी नाहीत.

मृत्यूच्या नोंदवहीत ती भेटली:
१८८१, गरीबखाना, विधवा, जाळी विणणारी.
खबर देणारा, गरीबखान्याचा अधीक्षक.
वडील, जेम्स गॉल्ड, वल्हेकरी.
आईचं नाव, माहीत नाही.

इथंच मी दोन वर्षं अडले होते.

थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं, हा जुना रिवाज.
ती गेली तर पुढच्या मुलीला तेच.
तीही गेली तर तेच.
नाव खाली पडू द्यायचं नाही.
अधीक्षकाला माहीत नव्हतं.
या तिघींना माहीत होतं, एकीला तर अकराच दिवस.

अंदाज आहे, पुरावा नाही, फर्गस म्हणतो,
आणि पेन खिशात ठेवून पेन्सिल काढतो.
विल्हेल्मिनाची आई: एल्स्पेथ, पुढे प्रश्नचिन्ह.
मग पुन्हा पेन, आणि स्वच्छ अक्षरात:
खाली चार ओळींची जागा रिकामी.

ऊन वर आलं. अक्षरं एकेक करून मिटली.
बादलीतलं उरलेलं पाणी घेऊन मी नव्या भागात जाते.
तिथं आमचा ग्रॅनाइट, काळा, इतका गुळगुळीत
की शेवाळाला पाय ठेवायला जागा नाही.
ह्यूचं नाव, दोन तारखा, आणि खाली मोकळी जागा.
कोरणाऱ्याकडे पैसे भरून ठेवलेत.
माहेरचं नावही दिलंय, कागदावर लिहून,
एकेक अक्षर सुटं सुटं.